पाचव्या पिंपाला कुणी सांगितलं नाही

आजोबांना पुरून आम्ही घरी आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सहाच्या गाडीनं मला माइन्त्सला, कॉलेजला परतायचं होतं. वाल्बुर्गा आत्यानं कांद्याचा केक कापला आणि माझ्यासमोर लाकडी हातोडी ठेवली.

"मारेन, खाली जाऊन वाइनला सांगून ये, मालक गेला म्हणून. प्रत्येक पिंपावर तीन ठोके. सांगितलं नाही तर तो जात नाही, खालीच राबत बसतो."

"आत्या, कुणी ऐकलं तर हसेल."

"गुडघे धड असते तर तुझी मिनतवारी केली असती का मी? आणि मेणबत्ती ने. विझली की मागं फिर. रस आंबतोय."

रस आंबताना निघणारा जड वायू तळघरात जमिनीलगत साचतो. माणसाच्या आधी ज्योत गुदमरते. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं, म्हणून तर भीती वाटत नव्हती. मेणबत्ती मी मुद्दाम टेबलावरच सोडली. मोबाइलचा दिवा होता की.

खाली गारवा होता. मऊ पडलेल्या सफरचंदांसारखा वास. पाच पिंपांत रस बुडबुडत होता, झोपेत कुणी पुटपुटावं तसा. पहिल्या पिंपावर ठोकलं. "मालक गेले." मग दुसरं. तिसऱ्याशी माझाच आवाज लांबून यायला लागला. चौथ्याला सांगून मी त्यालाच टेकले. जरा बसावं... पाच मिनिटं नुसतं बसावं...

पाचव्या पिंपावर ठोके पडले. एक... दोन... तीन.

हातोडी माझ्याच हातात होती.

"मेणबत्ती कुठाय, शहाणे?" खरखरीत, वैतागलेला आवाज. "वर हो."

भिंत धरत धरत मी जिना गाठला. खालून चौथ्या पायरीवर एक मेणबत्ती होती. नुकतीच विझलेली, वातीतून धूर निघत होता.

आत्यानं माझ्या तोंडावर पाणी मारलं. माझी मेणबत्ती टेबलावर तशीच होती, न पेटवलेली.

"खाली मेणबत्ती तू ठेवलीस?"

"मी? दोन वर्षांत ते दार नाही उघडलं मी. सगळ्यांना सांगितलंस ना?"

"पाचवं राहिलं."

"मग जा, मेणबत्ती घेऊन."

"नाही सांगणार मी."

"मग तो जायचा नाही, पोरी."

"नको जाऊ दे."

सहाची गाडी चुकली.

याला तीन वर्षं झाली. दर ऑक्टोबरात द्राक्षं तोडायला मी गावी येते, मेणबत्ती घेऊन खाली उतरते. चौथ्या पायरीवर मेणाचे ताजे थेंब असायचे. बघून बरं वाटायचं.

यंदा थेंब नवव्या पायरीवर होते. पायऱ्या बाराच आहेत, आणि जिन्याच्या दाराला लागूनच आत्या एकटी झोपते.

काल तिला विचारलं, पाचव्याला आता सांगून टाकू का?

"उशीर झाला," ती म्हणाली, आणि टेबलावर तिसरी बशी मांडली.