करंगळीशेजारचं बोट

"देवानं चार बोटं दिलीत, अन् ही बाई तीनच वापरायला शिकवते."

पोरीला वर्गाला सोडायला आलेल्या हर्षलाताई बाहेर पायरीवर चपला काढता काढता शेजारणीच्या कानात म्हणाल्या. पण भिसेगावातल्या त्या हॉलची खिडकी पायरीच्या डोक्यावरच आहे आणि आत रूपा व्हायोलिनच्या खुंट्या पिळत बसली होती. खुंटी जरा जास्तच पिळली गेली नि तार तुटली. सकाळीच चढवलेली, कोरी.

रूपा आठवडाभर दवाखान्यात केसपेपर लिहायची आणि रविवारी इथं शिकवायची. वर्ग मूळचा कमळाकर सरांचा. सर म्हणजे ज्याला तार आहे ते बोलतं करणारा माणूस. तरुणपणी भीमगीतांच्या पार्टीत बुलबुल तरंग, मग लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मेंडोलिन, मुंबईला रेकॉर्डिंगमध्ये मागच्या रांगेतलं व्हायोलिन, आणि कुणी सप्त्याला बोलावलं तर दिलरुबा. शिवाय स्कूटरला पेट्या बांधून नेरळ, कडाव, खालापूर असं चाळीस वर्षं शिकवणं.

त्यांच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी भातगिरणीच्या पट्ट्यात गेलं, हे सगळ्या तालुक्याला पाठ होतं. उरलेल्या बोटांवर त्यांनी आपली वेगळीच रीत बसवली होती. मधलं बोट सरकवायचं, करंगळी ताणायची. पण ती त्यांनी कुणाला शिकवली नाही. नवखं पोर समोर बसलं की सर डाव्या हातावर पंचा टाकायचे. पोरं बघून शिकतात, म्हणायचे, हे माझं माझ्याबरोबर जाऊ दे. रूपाला तो हात उघडा बघायला चार वर्षं लागली होती.

सर गेले त्याला दोन वर्षं झाली.

सुरुवात जागृतीपासून झाली. नऊ वर्षांची, सर गेल्यावर वर्गात आलेली. सरांचा फोटोसुद्धा तिनं नीट पाहिलेला नव्हता. तिसरं, म्हणजे करंगळीशेजारचं, बोट टेकवायची वेळ आली की तिचं बोट ताठ वर राही आणि मधलं सरकून त्या जागी जाई. रूपानं दटावलं, समजावलं, पट्टीवर रंगीत चिकटपट्टी लावून जागा दाखवली. पुढच्या रविवारी दोन मुलं तशी वाजवत होती. गणपती उठेपर्यंत अकराच्या अकरा. मेंडोलिनवाली पोरगीसुद्धा.

आणि सूर तर चुकत नव्हते. उलट पंचमावर जाताना एक बारीकशी घसरण लागत होती. रूपानं त्या घसरणीसाठी वीस वर्षं घासली होती, नि तिला ती कधी लागली नव्हती.

तिला भीती वाटली नाही. चीड आली, आणि तीही सरांचीच. जन्मभर पंचा टाकून झाकलंत, आणि आता परीक्षा तोंडावर आल्यावर माझ्या पोरांच्या हातात घालताय? लोक माझ्या नावानं शिमगा करतायत इथं. असं ती हॉल झाडता झाडता भिंतीवरच्या फोटोला सुनावायची. फोटो ऐकून घ्यायचा. सरही आयुष्यभर ऐकूनच घेत आले होते.

एके रविवारी जागृती वाजवत असताना तिनं ते उचललेलं बोट धरलं. गार होतं. विहिरीतून आत्ता काढलेल्या कळशीसारखं. बाकीचा हात घामानं ओला.

"टेकव गं खाली."

"बाई, वाजवताना ते नसतं," जागृती म्हणाली. वही घरी राहिली हे सांगावं, तशी.

तारांवरचा गज थांबला. रूपाच्या मुठीत ते बोट हळूहळू कोमट झालं.

त्या आठवड्यात ती नेरळला येसूबाईंकडे गेली. सरांची बायको तिथं मुलाच्या फ्लॅटमध्ये असते. रूपानं आडवळणानं बोटाचं काढलं. येसूबाई तांदूळ निवडत होत्या. निवडतच म्हणाल्या की गिरणीत गेलं असंच आम्ही सांगत आलो. मग त्यांनी तेच निवडलेले तांदूळ पुन्हा ताटात ओतले आणि पहिल्यापासून निवडायला घेतले. रूपा चहा पिऊन निघाली. तिनंही पुढं विचारलं नाही, आणि त्याचाच तिला गाडीत बसून सगळ्यात जास्त राग आला.

हॉल सखाअण्णांचा. अण्णा आणि सर खालापूरकडच्या एकाच गावचे, अण्णा शेतीवाडीवाले, सर बौद्धवाड्यातले. तीस वर्षांपूर्वी अण्णांनी हॉल सरांना दिला, कधी भाडं घेतलं नाही. केवढं मोठं मन, असं जो तो म्हणे. का दिला, असं कुणी विचारलं नाही. अण्णा हॉलवर आले की सर मात्र बोलता बोलता पेट्या बांधायला लागायचे, हे रूपानं पाहिलेलं होतं.

आता कारभार अण्णांच्या मुलाकडे, कमलेशकडे. त्याचा निरोप आला. रविवारी दहाला पालकांसमोर मुलांनी वाजवायचं. पद्धत चुकीची निघाली तर पनवेलचे मास्तर येतील, मॅडमनी चावी ठेवून जावं.

रविवारी हॉल भरला. दारातून कापलेल्या भाताचा वास येत होता, आत गजाला लावायच्या राळेचा. पुढच्या खुर्चीवर सखाअण्णा, सत्त्याहत्तर वर्षांचे, काठीवर दोन्ही हात ठेवून. अकरा मुलं उभी राहिली. दहा गज आणि मेंडोलिनची एक नखी एकदम उठली.

अकरा बोटं वर राहिली.

पंचमावर ती घसरण आली आणि हॉलमधलं कुजबुजणं बंद पडलं. अण्णांची काठी खाली पडली. कुणी उचलली नाही.

संपल्यावर कमलेश उठला. आवाज चढवला नाही त्यानं. सरांनी स्वतःच्या निष्काळजीपणानं बोट घालवलं, म्हणाला, त्याची शिक्षा आमच्या मुलांना का? मॅडम, तुम्ही हे लुळं वाजवणं शिकवलंत.

लुळं. त्या तीन बोटांवर अर्ध्या तालुक्याच्या वराती नाचल्या, जयंतीच्या मिरवणुका निघाल्या, आणि हा म्हणतो लुळं.

"मी चारच शिकवलीत. बघा."

तिनं व्हायोलिन खांद्याला लावलं. सा, रे, ग चढली.

मध्यमाला तिसरं बोट खाली आलं नाही.

तिनं जोर केला. जोर लावायला तिथं काही नव्हतं. नुसता गारवा होता.

मधलं बोट आपोआप सरकलं. पंचम लागला. वीस वर्षं न लागलेली ती घसरण अगदी अलगद लागली.

हर्षलाताईंनी पोरीला जवळ ओढलं.

"बस कर गं," सखाअण्णा म्हणाले.

रूपाला थांबायचं होतं. गज चालूच राहिला.

"बाबा, तुम्ही गप बसा," कमलेश म्हणाला. फार घाईनं म्हणाला.

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते रूपाच्या डाव्या हाताकडे बघत होते, आणि बोलले तेही त्या हाताशीच.

"माझ्या लग्नात तू ओट्यावर चढून वाजवाया बसलास. आमी चौघांनी धरला तुला. कोयता माझा होता."

गज थांबला.

"आन् गिरणी," अण्णा म्हणाले, "गिरणी तर गावात फुडल्या वर्षी आली. सगळ्यांना ठावं हाय."