उदाचा धूर कुठे अडला?

जिना इतका अरुंद, की दोघांपैकी एकाला मागे फिरावंच लागणार होतं. वरून नासरा धावत उतरत होती. हातात चुन्याची बादली, नाकावर चुन्याचा ठिपका. खालून एक एसी वर येत होता. तिला आधी एसीच दिसला, त्याखालचे दोन डोळे नंतर दिसले... आणि मग बराच वेळ तेवढेच दिसत राहिले.

"ताई, जरा मागे—"

"ताई कोणाला म्हणता हो?"

"मग काय, चुनेवाली म्हणू?"

नासराला हसू येत होतं, पण तिने ते गिळलं. "हा डबा कुठे निघालाय?"

"कोपऱ्यातल्या खोलीत. मालकीणबाई म्हणाल्या, पोरीचं फसलं तर हाताशी असावा."

ती पोरगी म्हणजे नासराच! दारेसलामहून शिकून झांझिबारला परतल्यापासून ती मालकीणबाईंच्या, म्हणजे बी झुवेनांच्या, मागे लागली होती. या जुन्या दगडी हॉटेलला एसी लागतातच कशाला? गच्ची चुन्याने पांढरी केली, की ऊन आल्यापावली परत. खिडकीच्या खालच्या झडपांतून गार हवा आत, छतातल्या झरोक्यातून गरम हवा बाहेर. सगळे एसी एकदम सुरू झाले की अख्ख्या गल्लीतले दिवे मलूल होतात, ते तरी थांबेल! शेवटी कंटाळून बी झुवेनांनी एक खोली दिली होती, आणि एकच पाहुणा. मस्कतचा, नेहमीचा, भयंकर चोखंदळ. आज दुपारी येणारा. तो उकाड्याने वैतागला, तर खोल्याखोल्यांत नवे एसी लागणार आणि झरोका सिमेंटने बुजणार.

"मी फसणार नाहीये," ती म्हणाली.

"मी कुठे म्हटलं? मी माकामे. एसीवाला." एवढं बोलून तो तसाच, तो जडशीळ डबा खांद्यावर घेऊन, उलट्या पावली जिना उतरू लागला. फक्त तिला वाट द्यायला!

दुपार होत आली. समुद्रावर ढग नुसते उभे होते, वाऱ्याचं नाव नाही. कोपऱ्यातल्या खोलीत एसी अजून जमिनीवरच होता, कारण माकामे बोल्ट आणायला विसरला होता. मग आणले, तर ते छोटे निघाले.

"डोकं तरी आणलंयस का रे?" बी झुवेना कडाडल्या.

"ते सकाळी होतं, बी. जिन्यात कुठेतरी पडलं," माकामे म्हणाला, आणि त्याने नासराकडे बघितलं. नासराने झटकन मान वळवली. अशा वेळी कसलं सुचतं याला!

मस्कतचे पाहुणे आले. खाली कॉफी आणि हलवा सुरू झाला. नासरा शेवटची नजर टाकायला वर पळाली, दार उघडलं, आणि... भट्टी! नुसती भट्टी! काल हीच खोली कशी गार होती! झडपा सगळ्या बंद. कोपऱ्यात धुपाटणं, आणि खोलीभर उदाचा दाट धूर. मानाच्या पाहुण्यासाठी बी झुवेनांनी स्वतः खोली धुपवली होती. नासराने धडाधड झडपा उघडल्या. काही फरक नाही. जिन्यावर पाहुण्यांची काठी वाजू लागली होती.

दारात माकामे. "बसवू का?" त्याने हळूच विचारलं.

"बसवा ना! तुम्हाला काय, आनंदच—" रडू येऊ नये म्हणून तिने मान वर केली. आणि वरच बघत राहिली. धूर छताला टेकून गुपचूप बसला होता. हलतच नव्हता! "माकामे... धूर अडलाय. झरोक्यात काहीतरी आहे. चढ! चढ लवकर!"

माकामे चढला... चक्क एसीवर! त्याच्या खिशात काहीतरी खुळखुळलं. हात झरोक्यात घालून त्याने ओढलं, तर बाहेर आली बी झुवेनांची केशरी कांगा, म्हणजे अंगावरची ओढणी, चांगली दुमडून कोंबलेली. आणि धूर वळला! आधी जरासा, मग वाट सापडल्यासारखा सरसर वर. खालच्या झडपेतून आलेली झुळूक नासराच्या घोट्यांना हलकेच शिवून गेली.

"अगं, सगळा वास निघून चालला होता ना!" दारातून बी झुवेना ओरडल्या. "पाहुण्याला काय बिनवासाची खोली द्यायची?"

मागोमाग पाहुणे आत आले. टोपी काढली, पलंगावर बसले, भिंतीकडे बघितलं. आता एसी मागणार. नक्की मागणार.

"इथे..." पाहुणे म्हणाले, "...आणखी एक उशी मिळेल का? झोप यायला लागली."

बी झुवेनांनी नासराकडे बघितलं, मग एसीकडे. "माकामे, ने बाबा तुझा डबा."

नासरा उशी घेऊन जिना चढत होती, तेव्हा वरून एसी उतरत होता. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण नव्हता पडला.

"माझ्यामुळे तुमचं काम गेलं," ती म्हणाली. "रागावलात?"

"मघाशी 'चढ' म्हणालीस, तेच बरं वाटलं." खांद्यावरचा डबा सावरायला तो वाकला, आणि खिशातून काहीतरी निसटून टणटण पायऱ्या उतरत तिच्या चपलेपाशी येऊन थांबलं. बोल्ट. मोठा. अगदी बरोब्बर मापाचा.

"हे... तुझ्याकडे होते?"

"सकाळपासून."

"मग विसरलो असं का—"

"तुझ्या नाकावर चुना होता ना..." त्याचे कान लालबुंद झाले. "तो बघितला, आणि मग तो झरोका बंद करायला... मनच होईना."

नासराने बोल्ट उचलून मुठीत घट्ट धरला. "हा मी देणार नाही. पाहिजे तर उद्या येऊन माग."

"आणि उद्या नाही दिलास तर?"

"तर परवा ये!"

जिना इतका अरुंद, की एकाला मागे फिरावंच लागणार होतं. या वेळी नासरा फिरली... उशी छातीशी धरून, उलट्या पावली, एकेक पायरी, मुद्दाम हळूहळू.