अकराची बस

"मिसेस गिलफिलन चालत निघाल्यात," स्ट्रुअन सायकलवरून उतरत म्हणाला. "मोठ्या रस्त्याच्या कडेने, हातात पिशवी घेऊन."

शाळेच्या ऑक्टोबरच्या सुट्टीचा पहिलाच दिवस, शुक्रवार. मॉर्व्हन आणि झोसिया त्याच्यामागे धावल्या. टेकडीखालच्या वळणावर बाई सापडल्या. सहा मैलांपैकी अर्धा मैल झाला होता आणि दम मात्र सगळा संपला होता.

"टॅमला घरी भाजलेले स्कोन द्यायचेत," त्या म्हणाल्या. "दहा दिवस झाले, गेले नाही. त्याला वाटेल, मी विसरले. आमच्याकडे विसरायचं काम त्याचं आहे."

टॅम त्यांचा नवरा. पलीकडच्या गावातल्या वृद्धाश्रमात असायचा. त्या रोज अकराच्या बसने जायच्या, आणि ती बस एक तारखेपासून बंद झाली होती.

"कुणाला सांगितलं का नाहीत?" मॉर्व्हनने विचारलं.

"लोक दमून येतात गं."

ते खरंच होतं. बालकेर्न गावातली गाडीवाली माणसं सकाळी सातच्या ट्रेनने शहरात जातात आणि संध्याकाळी गावाची काळजी करायला परत येतात.

बाईंना घरी पोचवून तिघांनी बसथांब्यावरची कौन्सिलची नोटीस वाचली. सोमवार, १५ सप्टेंबर. पाहणी दहा ते बारा. अकराच्या बसमध्ये चढलेले प्रवासी: शून्य. सबब बस बंद.

"त्या दिवशी गावची सुट्टी होती," झोसिया म्हणाली. "स्ट्रुअन नदीत पडला तो दिवस."

"पडलो नाही, उतरलो."

"बुटांसकट?"

"पण गावच्या सुट्टीला बस कुठे असते?" मॉर्व्हन म्हणाली.

तिघांनी नोटिशीवरची तारीख पुन्हा वाचली. प्रत्येक गावाची सुट्टी वेगळी; कौन्सिलचं ऑफिस असलेल्या गावाची भलत्याच सोमवारी असते. तिथल्या साहेबांना हे कुठून कळणार?

त्याच संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये गावची सभा होती; कौन्सिलचे साहेबही आले होते. मॉर्व्हनने हात वर केला.

"मिस्टर पेटिग्रू, मोजायला तुम्ही स्वतः आला होतात?"

"स्वतः. दोन तास गाडीत बसून."

"बस कोणत्या रंगाची होती?"

साहेबांनी कागद चाळले. "रंगाचा रकाना नव्हता."

"बस आली होती का?"

साहेबांनी कागद उलटून पाहिला. "तोही रकाना नव्हता."

हॉल हसला. सोमवारपासून बस सुरू करायचं ठरलं. अध्यक्षबाईंनी तिघांना चॉकलेटचा डबा दिला. रविवारी मिसेस गिलफिलनना गाडीने सोडायचं मॉर्व्हनच्या बाबांनी कबूल केलं.

टॅम शनिवारी पहाटे गेला.

सोमवारी बस अगदी वेळेवर आली. बाई काळा कोट घालून उभ्या होत्या. "त्याचं सामान आणायचंय," त्या म्हणाल्या. तिघं न विचारताच त्यांच्यामागोमाग चढली.

"साडेअकरा झाले की खिडकीशी जाऊन बसायचा म्हणे," बस टेकडीखालच्या वळणावर आल्यावर त्या म्हणाल्या. "नर्स त्याला सांगायची, बसला उशीर झालाय."



"गुणी पोरं आहात. तुमच्याइतकं डोकं अख्ख्या गावात कुणी चालवलं नाही." त्यांनी झोसियाच्या हातावर हात ठेवला. "आठवडाभर आधी विचारलं असतंत त्या साहेबाला..."

मग त्यांनी मान हलवली.

"पण तेव्हा तुम्हाला शाळा होती."