आल्यावर मी सांगते

"हॉस्पिटल उघडताय का?" मी विचारलं.

प्रश्न उद्धट होता, कबूल. पण चिकपेटच्या आमच्या दुकानात पडद्याच्या कापडांची एवढी रंगीत ठाणं उलगडलेली असताना हा माणूस हिंदीत सांगत होता, सगळ्या घराला एकच कापड द्या... पांढरं! आणि मग बोटांवर खिडक्या मोजायला लागला. "एक, दोन, तीन... बाथरूमची धरायची का?" माणूस कुठेही गेला तरी मोजतो आपल्याच भाषेत. म्हणून मीही मराठीतच विचारलं.

तो दचकला आणि मग हसला. "तुम्ही मराठी?"

"साडेतीनशे वर्षांपासून इथेच, कानडी मुलखात आहोत. तुम्ही?"

"पुण्याचा. चार महिन्यांपासून."

त्याचं नाव विद्याधर. कॉम्प्युटर कंपनीत होता. मारतहळ्ळीला नवी इमारत झाली होती, आजूबाजूला नारळाची झाडं आणि चिखल, तिथे तिसऱ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिडक्यांची मापं घ्यायला मला आणि आमच्या हयवदन टेलरना पाठवलं. पडद्यांच्या बाबतीत अण्णा माझ्या शब्दाबाहेर नाहीत. मला वेडच आहे त्याचं. केबलवरच्या मालिकेत नायिका ढसाढसा रडत असली की आमच्या घरचे डोळे पुसतात, आणि मी बघत असते तिच्या मागचा पडदा. अस्तर लावलंय की नाही, झालर किती रुंद आहे. मासिकांतल्या दिवाणखान्यांची चित्रं कापून मी दोन वह्या भरल्या होत्या.

विद्याधरच्या दिवाणखान्यात एकदम पाच सीडी घालता येतील असा प्लेअर होता. कॉफी करणारं यंत्र होतं, आणि बसायला एक चटई.

"हे कसलं?" मी फोनशेजारचा काळा डबा दाखवला.

"आन्सरिंग मशीन. अमेरिकेहून आणलं. मी घरी नसलो की हे बोलतं." तो जरा घुटमळला. "पण माझा आवाज ऐकून लोक फोन ठेवून देतात. तू भरतेस... तुझा?"

'तुम्ही'ची 'तू' कधी झाले, कळलंच नाही.

"स्वल्प थांब, आधी माप घेऊ दे."

"स्वल्प म्हणजे किती?"

"स्वल्प म्हणजे स्वल्प!"

त्याने लाल बटण दाबलं. मी घसा साफ केला आणि सुचेल ते बोलले, "नमस्कार. विद्याधर घरी नाही. निरोप ठेवा, आल्यावर मी सांगते त्याला."

त्याने ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा यंत्राकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. आतल्या खोलीत हयवदन टेलर मुद्दाम मोठ्याने खोकले.

मग काय! मापं पुन्हा पुन्हा चुकायला लागली. एकदा लांबी राहिली, एकदा रुंदी. कधी तोच दुकानात यायचा, कधी आम्ही दोघं दिव्याची शेड शोधत सगळं चिकपेट पालथं घालायचो. सोफा कुठे ठेवायचा, कॅसेटचं कपाट कुठल्या भिंतीला, सगळं तो मलाच विचारायचा.

"पडद्यांचा रंग?"

"तूच सांग. रोज बघायचं तुलाच आहे..."

हे बोलून त्याचे कान लाल झाले. मी खाली बघत म्हटलं, "मोरपंखी."

"मग मोरपंखी. दिवाळीत आई येतेय. आली की सांगतो आपलं."

त्या दिवशी मी मोरपंखी ठाण आतल्या कपाटात नेऊन ठेवलं. इतर गिऱ्हाइकांना संपलं म्हणून सांगितलं. मी खूप खूश होते. इतकी की वहीतली चित्रं बघणंही सोडून दिलं. आता खरं घर होतं की!

दिवाळीच्या आठवडाभर आधी आम्ही पडदे लावायला गेलो. मी स्टुलावर चढून रिंगा अडकवत होते, विद्याधर स्टूल धरून उभा होता. फोन वाजला.

"वाजू दे," तो म्हणाला. "तुझा आवाज ऐकू."

चार घंटा झाल्या. माझा आवाज आला. आल्यावर मी सांगते त्याला. मग बीप, आणि पाठोपाठ एका बाईंचा आवाज खोलीभर झाला.

"विद्याधर, मी आई बोलतेय. दोनदा फोन केला, दोनदा हीच मुलगी. आल्यावर सांगणारी ही कोण?"

त्याने स्टूल सोडलं आणि फोनकडे झेप घेतली. मी पडद्याच्या रॉडला धरलं म्हणून पडले नाही.

"आई... अगं, कोणी नाही. चिकपेटच्या पडदेवाल्यांची मुलगी आहे. मशीन चालतं का बघायला भरला होता आवाज... नाही गं. दुकानातली माणसं ती, असं काय करतेस!"

आत हयवदन टेलरांचा हातोडा थांबला होता.

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. "उल्का, असलं फोनवर कसं सांगणार? आली की निवांत..."

"कोणी नाही, हे सांगायला चालतो वाटतं फोन?"

"तू आईला ओळखत नाहीस."

"नाही. पण तुला ओळखते असं वाटलं होतं."

तो हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, "स्वल्प थांब. खालून दूध आणतो, चहा घेऊ." आणि चपला अडकवून गेला. मला वाटलं होतं रडू येईल. आला तो संताप, आणि संतापापेक्षाही लाज. त्या घरातली एकेक वस्तू माझ्या बोटाने सांगितलेल्या जागी उभी होती, आणि मी कोणी नव्हते.

उरलेल्या रिंगा अडकवल्या. हातात घेतलेलं काम अर्धं टाकायचं नाही, हे अण्णांनी शिकवलंय. पडदे सुरेख पडले होते. हयवदन टेलर दारात येऊन उभे राहिले. "अक्का, निघायचं?"

"आले, एकच काम राहिलंय."

मी त्या काळ्या डब्याजवळ गेले आणि लाल बटण दाबलं. आवाज अजिबात हलला नाही, याचं मला आजही समाधान आहे.

"नमस्कार. विद्याधर घरी नाहीत. मी चिकपेटच्या पडदेवाल्यांची मुलगी बोलतेय. पडदे लावून झाले. आल्यावर तुमचं तुम्हीच सांगा त्यांना."