गच्चीवरची तिसरी नळी

गारांचा बर्फगोळा करायचा, ही कल्पना अंकुरची. नऊ वर्षांच्या डोक्यातून याहून बरी कल्पना सहसा निघत नाही. देवगडच्या आत्याने पाठवलेली कोकम सरबताची बाटली त्याने स्वेटरच्या आत दडवली होती, हातात आईचा स्टीलचा डबा होता, आणि बाटली पोटावर आवळून धरत तो जिने चढत होता. मागे त्याची बहीण अवनी, वय वर्षं बारा. तिच्या मागे समोरच्या घरातला शार्दूल. शार्दूलचे बाबा रेल्वेत होते आणि त्याचा जन्मच चंदीगडचा, त्यामुळे त्याच्या मराठीत हिंदी अशी मिसळायची की कुठे काय संपलं ते त्यालाही कळायचं नाही.

"घसा बसला तर बोलणी मला बसणार," अवनी म्हणाली.

"बसू दे ना. थंडीची सुट्टी अजून आठवडाभर आहे," अंकुरने वरूनच सांगितलं.

चंदीगडच्या मनीमाजऱ्यातलं हे घर बाळकृष्णकाकांचं. काका हवाई दलात तीस वर्षं विमानांची देखभाल करून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. तळमजल्यावर ते आणि यमुनाकाकू, मधल्या मजल्यावर अवनीचं बिऱ्हाड, आणि वर गच्चीवर पत्र्याची एक खोली. तिथे कांचनताई राहायची. अकोल्याची. आयटी पार्कमध्ये रात्रपाळी करायची, सकाळी साडेआठला यायची आणि दिवसभर झोपायची. तिच्या दारावर कायम एक पाटी असे : "रात्रपाळीवरून आले आहे. कृपया उठवू नका." दोन वर्षांपूर्वी अवनी पुण्याहून इथे आली तेव्हा वर्गात कुणी हिंदीत विचारलं तरी तिला रडू यायचं. त्या दिवसांत रोज संध्याकाळी गच्चीवर बसून कांचनताईनेच तिला हिंदी बोलायला लावलं होतं. त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या माणसांत ताई तिची सगळ्यांत जवळची.

आदल्या दिवशी दुपारी वादळ झालं. जानेवारीत असं वादळ यमुनाकाकूंनीही पाहिलं नव्हतं. ताईच्या खोलीचे दोन पत्रे उचकटले. एक शार्दूलच्या दारात पडला आणि दुसरा कोपऱ्यावरच्या छोले-भटुऱ्यांच्या गाडीवर. गाडीवाला चहा प्यायला गेला होता म्हणून वाचला. ताई झोपेतून उठली तर डोक्यावर छप्पर नव्हतं, आभाळ होतं. ती थरथर कापत काकूंकडे आली होती.

काका मात्र अशा वेळी खुलायचे. बाजारातून निळी ताडपत्री, नायलॉनची दोरी आणली आणि भुरभुर पावसातच कामाला लागले. अख्खी खोली त्यांनी वरून खालपर्यंत गुंडाळली, झरोका, खिडकी सगळं. फक्त दाराची बाजू मोकळी ठेवली. दोऱ्या कठड्याच्या कड्यांना अशा ताणून बांधल्या की ताडपत्रीवर बोट आपटलं तर ढोलकीसारखी वाजावी. मुलांना त्यांनी गाठही शिकवली. हवाई दलात झाकण असं बांधतात की मोकळं टोक एकदा ओढलं की सुटलंच पाहिजे. तिथे विमानाच्या प्रत्येक उघड्या तोंडावर झाकण घालतात, प्रत्येक झाकणाला लाल फीत लटकवतात आणि उड्डाणापूर्वी फिती मोजतात. एक जरी झाकण काढायचं विसरलं तर विमान गेलं, हे काकांनी डोळे मोठे करून सांगितलं.

"मग या ताडपत्रीला फीत कुठाय?" अवनीने विचारलं होतं.

काका हसले. "हे काय विमान आहे? पाणी सोड, वारासुद्धा आत शिरायचा नाही. आणि कुणी हात लावायचा नाही, सांगून ठेवतो."

पहाटे पुन्हा गारा पडल्या. मुलं गच्चीवर पोचली तेव्हा साडेनऊ वाजत होते. ताई तासाभरापूर्वीच आली होती, कारण तिला सोडणाऱ्या ऑफिसच्या गाडीचा भोंगा सगळ्या गल्लीने ऐकला होता. काका नवे पत्रे आणायला बाजारात गेले होते. सगळी गच्ची पांढरी झाली होती आणि निळ्या ताडपत्रीवर गारांचा जाड थर बसला होता.

अंकुर डबा भरायला बसला आणि दोन मिनिटांत कुरकुरायला लागला. खोलीच्या भिंतीतून जी पन्हळ बाहेर येते, तिच्या तोंडाशी गारा टिकतच नव्हत्या. पाणी नुसतं वाहत होतं. अवनीने हात घातला तर पाणी कोमट.

"ताई आंघोळ करत असेल," ती म्हणाली. पण पाणी बादलीतून ओतल्यासारखं थांबत थांबत येत नव्हतं. एकसारखी धार होती.

तेवढ्यात शार्दूलने वर बोट दाखवलं. "ए, ते बघ यार."

ताडपत्रीवर सगळीकडे गारा होत्या, एक जागा सोडून. तिथे ताटलीएवढा गोल वितळून गेला होता. गोलाच्या मधोमध ताडपत्री वर आली होती, आतून कुणी डोकं लावून बसावं तशी, आणि तिथून वाफ निघत होती.

शार्दूलच्या मते आत मांजर अडकलं होतं, पक्का. अंकुरला मांजर नको होतं, त्याला चोर हवा होता. दोघांची जुंपली. शेवटी शार्दूल टाकीच्या कट्ट्यावर चढला, हात लांब करून त्याने त्या उंचवट्याला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. "मांजर नाही. गरम आहे. नळीसारखं काहीतरी आहे."

अवनीने मान वर करून पाहिलं. गच्चीवर तीन नळ्या असायच्या. ताईच्या पतंगाचा मांजा त्यांत कितीदा अडकला होता, त्यामुळे तिला त्या पाठ होत्या. टाकीची एक. काकूंच्या स्वयंपाकघराची एक. तिने पुन्हा मोजल्या. दोनच. तिसरी गॅसच्या गीझरची, धूर बाहेर सोडणारी.

बाबा दर हिवाळ्यात पेपरातली तीच बातमी मोठ्याने वाचून दाखवायचे. बंद न्हाणीघर, गॅसचा गीझर, आणि ज्याला वास नाही, रंग नाही असा विषारी वायू. माणसाला नुसती झोप येते. ताईच्या खोलीत वेगळं न्हाणीघरही नव्हतं, कोपऱ्यात एक अर्धी भिंत आणि पडदा, बस.

तिने दारावर थाप मारली. पाटीकडे पाहत आधी हळू, मग दोन्ही मुठींनी. आतून पाण्याचा आवाज येत होता. ताई ओ देत नव्हती. दाराला आतून कडी होती.

खालून यमुनाकाकूंचा आवाज आला की अगं, ती पोर रात्रभर जागून आली आहे, झोपू दे तिला, काय धिंगाणा चालवलाय. अवनीने ओरडून सांगितलं की ताई उठत नाहीये. त्यावर काकू म्हणाल्या, झोपलेलं माणूस कसं उठेल? काकूंचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेच भयंकर होतं.

"शार्दूल, सिलिंडर बंद कर," अवनी म्हणाली. सिलिंडर बाहेर भिंतीलगत होता. शार्दूलने खटका फिरवला. "अंकुर, काकांना बोलाव. कसंही कर, पण आत्ता बोलाव."

अंकुर कठड्याशी धावला. गल्लीच्या तोंडाशी काका पत्र्यांच्या हातगाडीबरोबर रमतगमत येत होते. ताई उठत नाही म्हटलं तर तेही काकूंसारखंच बोलतील, हे त्या नऊ वर्षांच्या डोक्याला बरोबर कळलं. त्याने फुप्फुसं फाटेस्तोवर आरोळी ठोकली, "काका, तुमची ताडपत्री उडाली!"

काकांनी हातगाडी सोडली आणि बासष्टाव्या वर्षी ते पळत सुटले.

इकडे अवनी गाठीशी झगडत होती. मोकळं टोक ओढलं की सुटते म्हणे. पण दोरी रात्रभर भिजून गारठली होती आणि अवनीची बोटंही. गाठ हलेना. तिला रडू फुटलं आणि ती रडत रडतच ओढत राहिली. शार्दूलने मागून दोरी धरली, दोघांनी पाय कठड्याला लावले आणि अंग मागे टाकलं. गाठ सुटली. दुसरी सुटली. वाऱ्याने ताडपत्री खालून उचलली, गारा धडाधड गच्चीवर सांडल्या आणि ती निळी चादर फडफडत टाकीवर जाऊन पडली. उडालेल्या पत्र्यांच्या जागी वादळाने केलेलं भगदाड पुन्हा उघडं झालं. काल ज्या भगदाडाला सगळ्यांनी शिव्या घातल्या, त्यातूनच आज ताईच्या खोलीत हवा शिरत होती.

काका गच्चीच्या दारात उभे होते. धापा टाकत होते. "हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना!"

अवनीला एवढंच बोलता आलं, "काका, तीन नळ्या होत्या. मला दोनच दिसत होत्या."

काकांनी वर पाहिलं. पत्र्यातून वर आलेली ती चार बोटं जाडीची नळी, आणि तिच्यावर वितळून चिकटलेला ताडपत्रीचा निळा तुकडा. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना अवनीने पाहिलं. ते दाराकडे धावले. तिसऱ्या लाथेला कडी तुटली. मुलांना हाताने मागे सारून ते तोंडाला मफलर दाबून आत गेले आणि ताईला काखेत धरून ओढत बाहेर आले.

ताईच्या अंगात कालचाच स्वेटर होता, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र होतं. बादली भरेपर्यंत जरा टेकावं म्हणून ती खाटेवर बसली होती आणि उठलीच नव्हती. गारांवर तिला निजवलं. अवनी तिचे तळवे चोळत तिला हाका मारत होती. काकूंनी जिन्यातूनच हंबरडा फोडला. शार्दूलने रुग्णवाहिकेला फोन लावला आणि गल्लीचा पत्ता पंजाबीत, एकदाही न अडखळता सांगितला.

रुग्णवाहिका आली तेव्हा ताईची पापणी हलली होती.

डॉक्टरांनी संध्याकाळी सांगितलं की प्राणवायू वेळेवर मिळाला, धोका टळला. अजून पाव तास गेला असता तर आपण काही करू शकलो नसतो. ते ऐकून काका रुग्णालयाच्या बाकावर जाऊन बसले. अवनीच्या बाबांनी ड्यूटीवरून येऊन तिन्ही मुलांना जवळ घेतलं. यमुनाकाकूंनी अंकुरच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि विचारलं की ताडपत्री उडाल्याचं खोटं तुला सुचलं कसं. त्यावर अंकुर म्हणाला की खोटं कुठे, नंतर उडालीच की.

तीन दिवसांनी नवे पत्रे बसले. ताई घरी आली त्या सकाळी काकांनी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. त्यांच्या हातात एक विटकी लाल फीत होती.

"नोकरीच्या शेवटच्या दिवशी आठवण म्हणून ही घेऊन आलो," ते म्हणाले. "इतकी वर्षं कपाटात जपली. आणि जिथे लावायची, तिथे लावली नाही. तीस वर्षं मी झाकणं मोजली, पण त्या दिवशी मोजली ती या पोरीने."

त्यांनी फीत अवनीच्या हातात दिली. गीझर आता खोलीत नव्हता, काकांनी तो काढून बाहेर गच्चीच्या भिंतीवर बसवला होता. अवनी स्टुलावर चढली आणि त्याच्या धुराच्या नळीला तिने ती फीत बांधली. खाली काका उभे होते, ताठ, परेडला उभे राहावेत तसे.

ताई आत गेली आणि दारावर नवी पाटी लावून आली : "रात्रपाळीवरून आले आहे. कृपया उठवू नका. अवनी, अंकुर आणि शार्दूल यांनी केव्हाही उठवावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला अंकुरने दार वाजवलं. गारा कधीच वितळल्या होत्या, पण कोकम सरबताची बाटली अजून भरलेलीच होती आणि डब्यात फ्रीजमधला बर्फ होता. अवनी त्याला मागे ओढत होती, की अरे, निदान आज तरी झोपू दे तिला.

आतून चपलांचा आवाज आला, आणि ताईने दार उघडलं.