कुलपाची बॅग

“माझ्या बॅगेला पुन्हा कोणीतरी हात लावलाय,” लेक जेवताना म्हणाली, आणि ‘कोणीतरी’ म्हणताना तिने बापाकडे नाही, मावशीकडे पाहिलं. मावशी म्हणजे बापाची दुसरी बायको. या घरात येऊन वर्षं लोटली तरी आई हा शब्द काही तिच्या वाट्याला आला नव्हता. तिने मान खाली घातली. खाई त्याला खवखवे, असा भाव लेकीच्या नजरेत होता... आणि दुर्दैव असं, की हात खरोखरच मावशीने लावला होता!

बर्फावर सराव करून आली की पोरगी ओले स्केट्स तसेच प्लास्टिकच्या आवरणात कोंबायची आणि बॅगेची चेन ओढून मोकळी व्हायची. खानावळीत उमेदीची सगळी वर्षं सुऱ्या हाताळण्यात घालवलेल्या मावशीला ते बघवेना. ती गुपचूप पाती पुसून कोरडी करी, बुटांना वारा देई, आणि सकाळी सारं होतं तसं ठेवून देई. सांगायची सोय नव्हती. ‘माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही’ हे पहिल्याच आठवड्यात बजावलं गेलं होतं, आणि सांगितलं असतं तर त्या हट्टी पोरीने मुद्दाम ओलेच ठेवले असते.

पण एकदा पोरीने पाहिलं: मावशीच्या एका हातात फडकं, दुसऱ्यात स्केट. झालं, संशयाला पाय फुटले! संघात निवड झाली तर पोर दूर प्रशिक्षणाला जाणार, एकटी कशी राहील, असं मावशी कधीतरी बोलून गेली होती. त्याचा अर्थ पोरीने लावला, निवडच होऊ नये म्हणून ही धार बोथट करते. बापाच्या कानावर तेही गेलं. मावशी बॅग ठेवलेल्या कोपऱ्याजवळून गेली की त्याची नजर वर्तमानपत्रावरून उठू लागली, आणि त्या मुक्या नजरेने तिचं अंतःकरण विदीर्ण होई...

जुन्या बॅगेची शिवण उसवली तेव्हा तिघं दुकानात गेली. पोरीने थेट कुलपाची, कडक, चहूबाजूंनी बंद बॅग उचलली. मावशीला राहवलं नाही.

“ती जाळीची घे. हवा खेळते, पात्यांना वेगळा कप्पाही आहे.”

“हो, आणि हात घालायलाही सोपी,” पोरगी म्हणाली.

दुकानदार उगाचच मांडलेल्या बॅगा पुन्हा मांडू लागला. बापाने बायकोकडे एकदा नीट पाहिलं आणि कुलपाचीच बांधायला सांगितली.

किल्ली पोरीच्या गळ्यात गेली. निवडीआधी काही दिवस सराव बंद होता, बॅगही बंद. निवडीच्या सकाळी ती उघडली तर कुबट वासाचा भपकारा आला, आणि दोन्ही पात्यांवर तांबूस गंज!

बापाचा पारा चढला. “आता तरी खरं सांग, काय केलंस तू?”

मावशी तोवर तेल आणि बारीक पॉलिश पेपर घेऊन जमिनीवर बसलीसुद्धा होती. वरवरचा आहे, निघेल, एवढंच पुटपुटत ती जपून घासू लागली. बोट कापलं, तिने ते पदरात गुंडाळलं. पोरीचा हात मात्र गळ्याशी गेला. किल्ली तिथेच होती... क्षणभरही उतरली नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“बाबा, कोणी हात लावला नाही,” ती कशीबशी म्हणाली. “म्हणूनच गंजलं.”

बापाला उमगायला वेळ लागला. मग तोही खाली बसला, आणि त्याला बायकोकडे बघवेना.

निवडीच्या जागी खेळाडूंच्या खोलीत घरचं एकच माणूस सोडत होते. सवयीने बाप पुढे झाला. पोरीने त्याची बाही धरली.

“तुम्ही थांबा, बाबा. माझ्याबरोबर आई येईल.”

आणि मावशीने, कोण आलं म्हणून, मागे वळून पाहिलं.