पट्टी थरथरली तरी

मिरजेच्या त्या मैदानावर रोज सकाळी बारा मुली बास्केटबॉलचा सराव करायच्या, पण चेंडू फारसे उडायचेच नाहीत. मुलगी चेंडू डोक्यावर उचलायची, क्षणभर थबकायची आणि निमूट खाली घ्यायची. नवखा माणूस बघतच राहिला असता. मैदानाला मात्र याची सवय झाली होती, कारण प्रत्येकीच्या मनगटावर पट्टी होती.

पट्टी हाताच्या स्नायूंतले विद्युतसंकेत वाचायची आणि नेम चुकणार असेल तर चेंडू सुटण्याआधीच थरथरायची. थरथरली की टाकायचं नाही, चुकीची सवय लागते, असा प्रशिक्षक बिरनाळे सरांचा दंडक. वर्षभरात तन्वी खोतची नेमाची टक्केवारी नव्वदच्या वर गेली. साजिया मुल्लाची पट्टी मात्र ऊठसूट थरथरायची. शेवटी सर म्हणाले, "तू नुसते पास दे. नेमाचं सोड आता." ते तिला फार लागलं होतं.

जिल्हा संघाची निवड नऊ दिवसांवर आली आणि तिथे पट्टी चालणार नाही असं पत्र आलं. सरांनी सगळ्यांच्या पट्ट्या काढून फ्री थ्रो घेतले. तन्वीने चेंडू उचलला आणि ती तशीच उभी राहिली. पाच सेकंदांत टाकला नाही तर संधी बाद. शिट्टी वाजली. एकेक करून बहुतेकींचं तेच झालं.

"अगं, टाक की," सर वैतागले.

"टाकू का नको, कळंनाच झालंय सर," तन्वी रडवेली झाली.

साजियाच्या डोक्यात मात्र वेगळाच किडा वळवळला. पट्टी थरथरल्यावर टाकलं तर नेम खरंच चुकतो का? वर्षभरात कुणी टाकून बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती तासभर आधी येऊ लागली. पट्टी थरथरली तरी टाकायचं, आणि चेंडू बास्केटच्या कडीशी पोचण्याआधी स्वतःच मोठ्याने सांगायचं, 'आत' की 'बाहेर'. मग पट्टीचं मत, आपलं मत आणि खरं काय झालं ते वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी तिने तोंडाला येईल ते ठोकून दिलं. चौथ्या दिवसापासून बोटांना काहीतरी उमगू लागलं. आठव्या दिवशी पट्टीने शंभरातले सत्तर नेम चुकीचे ठरवले. त्यांतले एकेचाळीस आत गेले, आणि त्यांतल्या बहुतेकांना ती आधीच 'आत' म्हणाली होती.

साजियाने पुढे केलेली वही सरांनी दोनदा वाचली. मग तिचं उजवं कोपर चाचपलं.

"हे कधी मोडलं होतं?"

"दुसरीत असताना. झोक्यावरनं पडले होते."

"पट्टी सरळ कोपरांच्या खेळाडूंकडून शिकलीय," सर हळूच म्हणाले. "तुझं कोपर जरा बाहेर जातं आणि मनगट ते सावरून घेतं. तिला हे कुणी शिकवलंच नाही."

निवडीत साजियाने दहापैकी सात आत टाकले आणि तिचं नाव यादीत लागलं. तन्वीचं थोडक्यात हुकलं. परतताना गाडीत साजियाने पट्टीत साठलेली नोंद मोबाईलवर उघडून सरांपुढे धरली. वर्षभरात थरथरल्यामुळे न टाकलेले तिचे नेम होते बारा हजार सातशे.

"सर, ह्यातले किती आत गेले असते?"

सर तो आकडा पुन्हा वाचू लागले. साजियाने मागे वळून बघितलं. मागच्या सीटवर तन्वी खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि तिच्या आजूबाजूला बाकीच्या मुली होत्या.

"आणि ह्या सगळ्यांचे?" तिने विचारलं.